घोट्याची जुनी दुखापत व तिचे पुनर्वसन

मुरगळलेल्या घोट्याची सूज उतरल्यावरही तो महिनोन्महिने दुखत, आखडत किंवा चालता चालता अचानक दगा देत राहिल्यास त्या अवस्थेला घोट्याची जुनी किंवा चिरकारी दुखापत म्हणतात. पहिल्या दुखापतीला किमान १२ महिने झालेले असावेत, अशी अट घोट्याच्या अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०१३ साली घातली. ती मुख्यतः संशोधनात रुग्ण निवडण्यासाठी आहे. उपचार सुरू करण्यासाठी वर्षभर थांबावे, असा तिचा अर्थ नाही.

रचना : नडगीचे हाड, त्याच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड (बहिर्जंघास्थी) आणि या दोहोंच्या खोबणीत बसणारे टॅलस हे हाड मिळून हा सांधा बनतो. टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नसतो, त्यामुळे त्याचे स्थैर्य हाडांच्या आकारावर, अस्थिबंधांवर (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि शेजारून जाणाऱ्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणारे दोर) अवलंबून असते. टॅलसचा पुढचा भाग रुंद व मागचा अरुंद असल्याने पाऊल खाली झुकले, की खोबणीत अरुंद भाग येतो आणि सांधा सैल पडतो. याच स्थितीत तळवा आत वळला, तर बाहेरच्या बाजूच्या तीन अस्थिबंधांपैकी सर्वांत पुढचा व सर्वांत दुबळा अस्थिबंध प्रथम ताणला किंवा फाटला जातो. पायऱ्या चढताना मुरगळत नाहीत इतके घोटे उतरताना मुरगळतात, ते यामुळे.

प्राचीन उल्लेख : आयुर्वेदातील ‘वातकंटक’ हा विकार याच दुखापतीशी जोडला जातो, परंतु त्याच्या स्थानाविषयी मतभेद आहेत. पाऊल वेडेवाकडे पडल्याने वायू वेदना उत्पन्न करतो, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. तेथे स्थानवाचक म्हणून आलेल्या ‘खुडक’ या शब्दाचे ‘खडुक’ असेही पाठ मिळतात, आणि तो काहींनी पाय व जंघा यांच्या सांध्याला, तर काहींनी टाचेला लावला आहे. टाचेचा अर्थ घेणारे आधुनिक लेखक वातकंटकाची सांगड टाचेच्या हाडाच्या वाढीशी घालतात. सामान्यतः सातव्या शतकाच्या आसपास मानल्या जाणाऱ्या वाग्भट या आयुर्वेदाचार्याने मात्र ‘गुल्फ’ म्हणजे घोटा हाच शब्द वापरला असून वाकड्या पावलाबरोबर श्रम हेही कारण दिले आहे. पाऊल वाकडे पडणे हे कारण टाचेच्या जुनाट दुखण्यापेक्षा मुरगळण्याशी अधिक जुळते, त्यामुळे घोट्याचा अर्थ घेणे सयुक्तिक दिसते. मात्र सुश्रुताचा मूळ शब्द दोन्हीकडे ओढता येतो, हे मान्य करावे लागते. सुश्रुतसंहितेतच गुल्फ हे मर्म (आघातास नाजूक स्थान) सांगितले असून तेथील आघाताचे परिणाम वेदना, पाय ताठणे किंवा लंगडेपणा असे दिले आहेत. जुन्या घोट्याचे रुग्ण आजही अशाच तक्रारी घेऊन येतात. उत्तरकालीन चिकित्साग्रंथांत वातकंटकावर रक्तमोक्षण (रक्त काढणे) व एरंडतेल सांगितले आहे; हालचालीच्या व्यायामांचा भाग तेथे जवळजवळ नाही.

गोव्यातील संदर्भ : १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूने शिवोली येथे फुटबॉल आणला, असे सामान्यतः मानले जाते. कापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात, वाळलेल्या ढेकळांवर आणि भाताच्या खुंटांवर हा खेळ गावोगाव रंगतो, आणि अशा जमिनीवर पाऊल सपाट पडण्याची खात्री नसते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या, चवथीतील फुगडी, शिगम्यातील नाच आणि माडाला तळवे आत वळवून चढणारा पाडेली (नारळ पाडणारा) ही घोट्यावर ताण येण्याची आणखी उदाहरणे होत. घरगुती उपाय म्हणजे आंबेहळदीचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक आणि वर घट्ट पट्टी. ताज्या दुखण्यात यांनी आराम वाटतो. तथापि पट्टी सोडल्यावर पुढे काही करायचे असते, हे घरात कोणी सांगत नाही, आणि दुखापत जुनी होण्यास बहुधा तेथूनच सुरुवात होते.

अस्थैर्याची मीमांसा : घोटा पुन्हा पुन्हा का दगा देतो, या प्रश्नावरील आधुनिक चर्चा फ्रीमन व सहकाऱ्यांच्या १९६५ च्या लेखनापासून धरली जाते. अस्थिबंध फाटताना त्यातील संवेदी मज्जातंतूही तुटतात, त्यामुळे पाऊल कोणत्या कोनात आहे ही वार्ता मेंदूस नीट पोहोचत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनी त्याच आधारे सुचविला. पुढे काही प्रयोगांत अस्थिबंधांचा भाग बधिर केल्यावरही पोटरीच्या बाहेरील (पेरोनियल) स्नायूंच्या प्रतिसादाचा वेळ बदलला नाही, त्यामुळे मूळ सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. शिवाय घोटा मुरगळण्याची क्रिया इतकी जलद असते, की पाऊल वळू लागल्यावर आकुंचन पावणारा स्नायू बहुधा उशिराच पोहोचतो. हर्टेल यांनी २००२ साली यांत्रिक अस्थैर्य (सैल अस्थिबंध, आखडलेला सांधा) आणि कार्यात्मक अस्थैर्य (दुबळे स्नायू, बिघडलेला तोल) अशी जोडमांडणी केली. २०१९ च्या सुधारित मांडणीत भीती, आत्मविश्वास व रुग्णाची परिस्थिती यांनाही स्थान मिळाले. आज ही व्यापक मांडणीच अधिक ग्राह्य वाटते. गमतीचा भाग असा, की सिद्धांत मागे पडला तरी फ्रीमन यांची फळी उपचारांत कायम राहिली. तिचा उपयोग तुटलेली वार्ता जोडण्यापेक्षा पाऊल टेकण्यापूर्वीच त्याची तयारी घडविण्यात असावा.

पुनर्वसन : विश्रांती, बर्फ, दाब व पाय उंच ठेवणे ही १९७८ साली गेब मर्किन यांनी रूढ केलेली चौकट ताज्या दुखापतीसाठी होती, आणि बर्फ व पूर्ण विश्रांती यांविषयीचे आपले मत त्यांनी स्वतःच पुढे बदलले. जुन्या घोट्यास दीर्घ विश्रांती बहुधा अपायकारकच ठरते, कारण तिने पोटरी आणखी दुबळी होते.

प्रथम सांध्याची वाकण्याची मर्यादा पाहतात. भिंतीसमोर पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पाऊल थोडे थोडे मागे नेत जायचे. अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती सेंटीमीटरवर जातो, ते दोन्ही पायांचे मोजून तुलना करतात. दुखरा पाय मागे असेल, तर हीच चाचणी रोजचा व्यायाम म्हणूनही चालते. त्याबरोबर रबरी पट्ट्याच्या विरोधात तळवा बाहेर वळविणे आणि टाचा उचलणे, आधी दोन्ही पायांवर व मग एका पायावर, असा क्रम असतो. तोलाचा सराव उघड्या डोळ्यांनी एका पायावर उभे राहण्यापासून सुरू होऊन मिटलेल्या डोळ्यांपर्यंत व पुढे डगमगत्या फळीपर्यंत जातो. व्यायामानंतर दुखणे किंचित वाढून दुसऱ्या सकाळपर्यंत उतरले, तर भार योग्य मानतात. सकाळी सूज दिसली, तर तो कमी करतात. परिणाम दिसण्यास साधारणतः सहा ते बारा आठवडे लागतात.

प्रगती मोजण्यासाठी २००६ ची कंबरलँड प्रश्नावली वापरतात; घोटा किती स्थिर वाटतो, याची उत्तरे तीत रुग्ण स्वतः देतो. तिचे कमाल गुण ३० असून २४ किंवा त्याहून कमी गुण अस्थैर्य दर्शवितात. पट्टा किंवा चिकटपट्टी खेळताना पुन्हा मुरगळण्याचा धोका घटविते, पण ती व्यायामाची जागा घेत नाही.

खोलवर दुखणे, सांधा अडकणे किंवा बाहेरील घोट्यामागे कंडरा सटकल्याची जाणीव असल्यास टॅलसवरील कूर्चेची (हाडावरील गुळगुळीत आवरणाची) इजा वा कंडरेची चीर संभवते आणि एमआरआय तपासणी लागते. व्यायामाने न सुधारणाऱ्या यांत्रिक अस्थैर्यात ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली वर्णिलेली व गूल्ड यांनी १९८० साली सुधारलेली अस्थिबंध-दुरुस्तीची शस्त्रक्रिया करतात. तिच्यानंतरही वरील व्यायामक्रम पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

मैदानात किंवा नाचात परतण्याचा निर्णय केवळ दिवस मोजून घेत नाहीत. फुटबॉलपटूस एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरता आले पाहिजे. फुगडीत पावले जवळ ठेवून अंग मागे झोकून गिरकी घेतात, त्यामुळे फुगडी घालणाऱ्या स्त्रीस सरळ धावता येणे पुरेसे नसते. आधी एकटीने दोन्ही दिशांना सावकाश वळून पाहणे आणि नंतर जोडीदारणीचा हात धरून वेग वाढविणे ही तिच्यासाठी अधिक उपयुक्त कसोटी होय.