थाप की चक्राकार संदर्भ? विकिपीडियावरच्या दोन वेगळ्या गफलती

विकिपीडियावर खोटी माहिती सापडली की ‘कुणीतरी थाप मारली’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्यात दोन प्रकार आहेत: एक सरळ थाप, आणि दुसरा चक्राकार संदर्भ, म्हणजे विकिपीडियावरचं वाक्य बातमीत जातं आणि तीच बातमी मग त्या वाक्याचा पुरावा ठरते. एकाला पकडायची युक्ती दुसऱ्यावर चालत नाही.

सरळ थापेचं ठळक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली डिचोलीच्या संघर्षावर एक लेख आला. १६४०-४१ मध्ये गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झालं म्हणे! लेख लांबलचक, तळटिपांनी भरलेला. त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. १६४० साली शिवाजी महाराज जेमतेम दहा वर्षांचे; कुठलं आलंय मराठा साम्राज्य? तरी लेख पाच वर्षं टिकला. तळटिपांमधली पुस्तकं कुणी हातात घेतली नव्हती, हे उघड आहे. २०१२च्या अखेरीस एका संपादकाने ती शोधायला घेतली, तर महत्त्वाची पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेख उडाला.

चक्राकार संदर्भात मात्र संदर्भ खरा असतो आणि तिथेच पंचाईत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थव्यवहारमंत्री होणार होते. त्यांच्या नावांची माळ आधीच दहा मण्यांची. एका अनामिकाने जर्मन विकिपीडियावर तिच्यात ‘विल्हेल्म’ हे अकरावं नाव घुसवलं. घाईत असलेल्या पत्रकारांनी ते उचललं. ‘बिल्ड’ या जर्मन वर्तमानपत्राने तर पहिल्या पानावर छापलं. इकडे विकिपीडियाच्या संपादकांना शंका आली, त्यांनी पुरावा मागितला. पुरावा म्हणून काय पुढे आलं? ‘श्पीगल ऑनलाइन’ या जर्मन वृत्तस्थळाची बातमी, जिच्यात तेच नाव होतं. विकिपीडियाच्या लेखाला विकिपीडियाचाच आधार चालत नाही, असा नियम आहे. पण बातमीत विकिपीडियाचं नाव नसेल तर तो नियम लावायचा कसा?

म्हणून थाप पकडायला ‘हे पुस्तक आहे का?’ हा प्रश्न पुरतो. चक्राकार संदर्भासाठी तारखा जुळवाव्या लागतात. लेखाचा ‘इतिहास’ (त्यातल्या बदलांची नोंद) उघडायचा, ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते पाहायचं आणि त्याआधीचा एखादा छापील उल्लेख मिळतो का ते शोधायचं. सगळे उल्लेख नंतरचेच निघाले तर समजावं, पाणी मुरतंय. हा दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो, कारण विकिपीडियावरून वाक्य काढलं तरी वर्तमानपत्रांतले पुरावे शिल्लक राहतात आणि कुणी भाबडेपणाने ते परत आणून लावतो.

हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतातही. टोस्टरचा शोध एका स्कॉटिश शास्त्रज्ञाने लावला, ही विकिपीडियावरची २०१२ची निव्वळ थट्टा होती. ती पुस्तकांत शिरली आणि २०२२ मध्ये एका शाळकरी मुलाला त्या शास्त्रज्ञाचा फोटो बनावट वाटला तेव्हा कुठे उघडी पडली.

खरा वाद रंगतो तो कोआटीवरून. या दक्षिण अमेरिकी प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ही म्हणतात, असं एका विद्यार्थ्याने २००८ मध्ये गमतीने लिहिलं. आर्डवार्क आफ्रिकेतला, त्याचा कोआटीशी काही संबंध नाही. तरी ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ते नाव वापरलं. आता लोक खरोखरच तसं म्हणत असतील, तर ते टोपणनाव खोटं कसं म्हणायचं? टोपणनावापुरता हा युक्तिवाद मला पटतो. टोस्टरच्या संशोधकाला मात्र तो लागू होत नाही. हजार जणांनी लिहिलं म्हणून तो शोध त्याने लावलेला ठरत नाही.