वेगमर्यादेचा आकडा आणि ८५ टक्क्यांचा नियम : पार्श्वभूमी

ब्रिटनमधील १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल इतक्याच वेगाची मुभा दिली होती. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात एका चालकाने ताशी ८ मैलांच्या वेगाने मोटार नेली, तेव्हा एका शिपायाने चक्क सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले आणि त्याला दंड झाला. पुढे पोलीस मोजून ठेवलेल्या अंतराच्या दोन टोकांना थांबून स्टॉपवॉचने वाहनाचा वेळ घेऊ लागले. चालकांना हा सापळा वाटला आणि त्याची आगाऊ सूचना सभासदांना मिळावी म्हणून १९०५ मध्ये तिथे मोटारचालकांची एक संघटनाच उभी राहिली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पोलिसांच्या हाती रडार आले. शिपायाच्या नजरेवर आणि घड्याळावर घेतल्या जाणाऱ्या शंका त्यामुळे बऱ्याच कमी झाल्या. मात्र ज्या आकड्याच्या आधारे दंड करायचा, तो आकडा मुळात ठरवायचा कसा, हा त्याहून अवघड प्रश्न यंत्राने सुटणारा नव्हता.

त्याचे जे उत्तर अमेरिकेतील वाहतूक अभियंत्यांनी स्वीकारले, ते ‘८५ टक्क्यांचा नियम’ म्हणून ओळखले जाते. रस्ता मोकळा असताना ज्या वेगाच्या आत ८५ टक्के वाहने धावतात, त्याच्या आसपास मर्यादा ठेवावी, असा हा नियम. बहुतेक चालक समंजस असतात आणि रस्ता पाहून योग्य वेग निवडतात, हे त्यामागचे गृहीतक. १९६४ च्या एका अभ्यासाने त्याला बळ मिळाले: सरासरीपेक्षा फार वेगाने जाणाऱ्यांप्रमाणेच फार हळू जाणाऱ्यांचेही अपघात अधिक होतात, असे त्यात दिसले. परंतु हळू जाणाऱ्या वाहनांपैकी बरीच वळण घेण्यासाठी किंवा थांबण्यासाठीच मंदावलेली होती, हे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. तरीही ‘सगळ्यांच्या वेगाने चाला, तेच सुरक्षित’ हा समज टिकून राहिला. या नियमातला खरा दोष त्याहून खोल आहे. रुंद, सरळ रस्त्यावर लोक वेगाने जातात, म्हणून मर्यादा वाढते; ती वाढली की काही चालक तिच्याही पुढे जातात, आणि पुढच्या मोजणीत ८५ टक्क्यांचा आकडा आणखी वर सरकलेला असतो. शिवाय रस्ता ओलांडणारे मूल किंवा वृद्ध या मोजणीत कुठेच नसतात, कारण मोजली जातात ती फक्त वाहने.

‘थोडासाच तर वेग जास्त होता’ या सबबीत किती तथ्य आहे, हे साध्या गणितातून कळते. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने येणारी मोटार, चालकाला सावध होण्यासाठी लागणारा एक सेकंद धरून, साधारण २८ मीटरमध्ये थांबते. तीच मोटार ताशी ६० ने येत असेल, तर त्याच २८ व्या मीटरवर ती अजून ताशी ४० च्या आसपास वेगाने धावत असते. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघातांची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, हा जगभर वापरला जाणारा अंदाजही याच दिशेने बोट दाखवतो.

स्वीडनने १९९७ मध्ये हा विचार उलट्या टोकाने मांडला. मानवी शरीर किती आघात सोसू शकते, ते आधी पाहायचे आणि मग वेग ठरवायचा. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात स्वयंचलित कॅमेरे आले. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि तो मागे पडला की पुन्हा वेग, अशी चालकांची सवय होऊ लागल्यावर दोन ठिकाणच्या नोंदींमधून सरासरी वेग काढणारी यंत्रणाही तिथे आली. अमेरिकेतील राष्ट्रीय वाहतूक नियमावलीच्या २०२३ च्या आवृत्तीने ८५ टक्क्यांच्या आकड्याबरोबर वस्ती, पादचारी आणि अपघातांचा इतिहास विचारात घेण्यास सांगितले. तो आकडा मात्र वगळलेला नाही.

पोलिसांपुढे आणखी एक पेच आहे. यंत्राच्या मापनातील चुकीसाठी मर्यादेच्या वर काही सूट अनेक ठिकाणी ठेवली जाते. चालकांना ती कळली की फलकावरचा आकडा बाजूला पडतो आणि सूट धरून येणारा आकडाच मर्यादा समजला जातो.