पाण्यातील प्रतिजैविकांचे अंश आणि आपला जलशुद्धी संच

नळाच्या पाण्यात औषधांचे अंश असतात हे वाचून अनेक ग्राहक आमच्याकडे विचारणा करतात. त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

पशुपालनात जनावरांना आजारपणात आणि अनेक ठिकाणी केवळ वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यातून प्रतिजैविके दिली जातात. वजनवाढीसाठीचा वापर युरोपीय संघाने २००६ मध्ये बंद केला. दिलेल्या औषधाचा बराचसा भाग शेण-मूत्रावाटे तसाच बाहेर पडतो आणि खताबरोबर शेतात पोहोचतो. तेथे टेट्रासायक्लिन मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते, तर सल्फा गटातील औषधे पाण्याबरोबर सहज वाहत जाऊन नदीत आणि भूजलात उतरतात. सार्वजनिक जलशुद्धीकरण केंद्रांची नेहमीची रचना गाळ आणि जंतू काढण्यासाठी असल्याने हे विरघळलेले अंश तेथे पूर्णपणे अडत नाहीत.

मात्र त्यांचे प्रमाण अत्यल्प, बहुधा लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच असते. पिण्याच्या पाण्यातील अशा अंशांमुळे थेट अपाय होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ च्या अहवालात नमूद केले आहे. औषधांना दाद न देणारे जंतू फैलावणे ही याहून गंभीर बाब असून तिचा उपाय गोठ्यात आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेत आहे. तो घरच्या संचात आहे असे सांगून आम्ही संच विकणार नाही.

विक्रेते पाण्यात टीडीएस मीटर बुडवून दाखवतात, त्याचा या विषयाशी काहीही संबंध नाही. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज मिलिग्रॅममध्ये देतो, आणि एका मिलिग्रॅममध्ये दहा लाख नॅनोग्रॅम असतात. औषधांचे अंश मोजायचे तर प्रयोगशाळेतील खर्चिक तपासणीच करावी लागते.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण औषधांचे अंश सहसा मागेच राहतात. घरगुती यूव्ही दिव्याचेही तेच. आरओ पडदा बहुतेक अंश अडवतो, परंतु त्यासाठी बरेच पाणी वाया जाते. सक्रिय कार्बन अनेक औषधे शोषून घेतो, मात्र सल्फामेथॉक्साझोलसारखी काही त्याला कमीच धरतात, आणि कार्बन भरत आला तरी पाण्याची चव बरेच दिवस चांगलीच लागते. म्हणून चवीवर विसंबून न राहता, कार्बनचे काडतूस त्यावर छापलेल्या लिटरमर्यादेनुसार बदलून घ्यावे.