क्रियापद आधी, तपशील मागून

आठवीतल्या एका मुलीच्या वहीत चार वाक्यं होती : ‘माय ग्रँडमदर केम. शी हॅड अ बॅग. शी सॉ मी. शी लाफ्ड.’ चारही बरोबर, लाल शाईला कुठे जागाच नाही. मी तिला म्हटलं, हेच मराठीत सांग बरं. ती एका दमात म्हणाली, ‘पिशवी सावरत आजी एसटीतून उतरली आणि मला बघून हसली.’

सोलापुरात इंग्रजी शिकवताना हे मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. पूर्व भागातल्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्यांच्या घरी कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. चारही भाषांत क्रियापद शेवटी येतं आणि चारही भाषा एक क्रिया दुसरीला त्याच पद्धतीने जोडतात : मराठीत ‘बघून’, हिंदीत ‘देखकर’, तेलुगूत ‘चूसि’, कन्नडमध्ये ‘नोडि’. भाषांची कुळं दोन, पण घडण एक. कॉलिन मासिका या भाषाशास्त्रज्ञाने १९७६मध्ये दक्षिण आशियाला एक ‘भाषिक क्षेत्र’ म्हणून, म्हणजे शेजारी राहून वेगवेगळ्या कुळांच्या भाषा एकमेकींसारख्या झालेला प्रदेश म्हणून तपासलं, तेव्हा ही रचना त्याच्या मुख्य पुराव्यांपैकी एक होती. म्हणजे तीन-चार भाषा बोलणाऱ्या आमच्या पोरांना, क्रियापद मधेच उरकून टाकणारी भाषा पहिल्यांदा भेटते ती इंग्रजीच.

आणि इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत तर ते उरकल्यावरच खरी मजा सुरू होते. ‘माय ग्रँडमदर गॉट ऑफ द बस, क्लचिंग हर बॅग, हर आइज सर्चिंग द क्राउड.’ बसपाशी वाक्य पूर्ण झालं; पुढचे दोन तुकडे मागून येऊन चित्र भरतात. दक्षिण कॅलिफोर्नियातले प्राध्यापक फ्रान्सिस क्रिस्टेन्सन यांनी १९६३मध्ये या घडणीचा अभ्यास मांडला. ‘वाक्याची सुरुवात बदलत राहा’ असं तेव्हाची पाठ्यपुस्तकं सांगत. क्रिस्टेन्सननी नामवंत लेखकांची हजारो वाक्यं मोजली, तर सुमारे तीन चतुर्थांश वाक्यं सरळ कर्त्यापासूनच सुरू होत होती. कथात्म गद्याची श्रीमंती त्यांना वाक्याच्या तोंडाशी सापडली नाही, ती शेवटाकडे सापडली. मुख्य वाक्याला मागून जोडलेल्या अशा मोकळ्या तुकड्यांच्या वाक्याला त्यांनी ‘संचयी वाक्य’ म्हटलं.

मग मराठी वाचकाला क्रियापदाची वाट बघत ताटकळावं लागतं का? तसं नाही. हिंदी आणि जर्मनवरच्या वाचन-प्रयोगांत एक गमतीची गोष्ट आढळली : क्रियापदाआधी तपशील वाढला, तरी क्रियापद वाचायला कधी कधी उलट कमी वेळ लागतो. ‘ने’, ‘ला’ असे प्रत्यय ऐकता ऐकता मन पुढचं क्रियापद ताडत असतं. दोन्ही रचना मेंदूला झेपतात. सवय तेवढी वेगळी.

ही सवय व्याकरण शिकवून लागते का, याचा शोध बराच जुना आहे. १९६३मध्येच अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने काढलेल्या एका आढाव्याने स्पष्ट सांगितलं की, औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन जवळजवळ सुधारत नाही. लेखनाचा वेळ त्यात गेला तर नुकसानही होतं. पुढे फ्रँक ओहेअर यांनी १९७३मध्ये सातवीच्या मुलांना व्याकरणाची एकही संज्ञा न सांगता फक्त लहान वाक्यं एकत्र गुंफायला दिली आणि मुलांचं लेखन सुधारलं. २००७मध्ये ग्रॅहम आणि पेरिन या संशोधकांनी असे अनेक प्रयोग एकत्र तोलले. वाक्य-जोडणीचा परिणाम निघाला ०.५०, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (मुलांचे गुण सरासरीपासून साधारण जितके दूर पसरतात, त्याच्या निम्म्याइतका) फायदा. व्याकरण-पाठांचा उणे ०.३२. हा उणे आकडा जपून वाचायला हवा, कारण यातल्या बऱ्याच प्रयोगांत व्याकरणाचा वर्ग हा नुसता तुलनेसाठी ठेवलेला वर्ग होता. शिवाय २०१२मध्ये डेब्रा मायहिल यांच्या गटाने इंग्लंडमधल्या ३१ शाळांत पाहिलं की, मुलं जे लिहीत आहेत त्यातच व्याकरण दाखवलं तर उपयोग होतो. मात्र तो आधीच बरं लिहिणाऱ्यांना जास्त झाला, आणि ते मला खटकत राहतं.

आपल्याकडे ‘डू ॲज डायरेक्टेड’मध्ये पोरं ‘नो सूनर’ची वाक्यं फटाफट बदलतात, गुणही मिळवतात. निबंधात मात्र त्यातलं काही उतरत नाही. मला वाटतं, आपण त्यांच्या कानाला विचारतच नाही. ‘मी स्टेशनवर पोहोचून गाडी सुटली’ असं म्हटलं की सगळा वर्ग हसतो. ‘-ऊन’चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच लागतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. इंग्रजीतल्या ‘रीचिंग द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’मध्येही तीच चूक आहे. ‘सावरत’मधला ‘-त’ म्हणजे ‘क्लचिंग’मधला ‘-इंग’च, फक्त त्याला उचलून क्रियापदाच्या मागे न्यायचं. आणि तेही अगदी अनोळखी नाही. घाईत बोलताना आपण म्हणतोच की : ‘आली बघ आजी, पिशवी सावरत, तुला शोधत.’

म्हणून हल्ली मी आधी बोलायला लावते, मग लिहायला. परवा एका मुलाने, घरी तेलुगू बोलणाऱ्या, लिहिलं : ‘माय फादर केम होम फ्रॉम द फॅक्टरी, हिज हेअर व्हाइट विथ कॉटन.’ यंत्रमागावरून परतलेला, केसांत कापसाची भुरभुर घेऊन आलेला बाप. मुलगा वही पुढे करून जरा भीतभीतच म्हणाला, ‘बाई, दुसऱ्या तुकड्यात ‘वॉज’ नाही. चालेल ना?’

चालतं, म्हटलं. आणि त्याला ते वाक्य फळ्यावर लिहायला सांगितलं.