मुख्य सर्व्हर पडल्यानंतरचे ३२ सेकंद

जुन्या ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातल्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या, काळात फोनला स्वतःचे डोके नव्हते. प्रत्येक एक्स्टेन्शनची तांब्याची जोडी थेट एक्स्चेंजमध्ये जायची, त्यामुळे राखीव व्यवस्था करायची ती त्या पेटीच्या आतच. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुन्ना इथे बेल टेलिफोन कंपनीचे १-ईएसएस एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा त्यात प्रोसेसरची जोडी होती आणि ४० वर्षांत मिळून २ तासांहून जास्त बंद राहायचे नाही, असे उद्दिष्ट होते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनेही नियंत्रणाची कार्डे जोडीनेच बसवली. एक बिघडले की दुसरे काम उचलायचे. बोलणाऱ्याला पत्ता लागत नसे.

आयपी फोन, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे फोन, आले आणि हे गणितच फिरले. या फोनचे कॉल जोडण्याची ठरलेली पद्धत म्हणजे एसआयपी. तिचे पहिले मानक, आरएफसी २५४३, मार्च १९९९ चे. त्याच वर्षी मार्क स्पेन्सर यांनी एक्स्चेंजचे काम करणारे सॉफ्टवेअर अ‍ॅस्टरिस्क लिहायला घेतले. साध्या पीसीवर एक्स्चेंज चालू लागले, खर्च कोसळला. पण त्या पीसीत प्रोसेसर एक, डिस्क एक, पॉवर सप्लायही एकच. जोडीची शिस्त मागेच राहून गेली.

जून २००२ मध्ये सुधारित एसआयपी, म्हणजे आरएफसी ३२६१, आले आणि सोबत आरएफसी ३२६३. सर्व्हर कसा शोधायचा, हे या दुसऱ्यात आहे: फोनने डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली) एसआरव्ही नोंद, म्हणजे सर्व्हरची प्राधान्यानुसार यादी, वाचायची, सर्वांत लहान प्राधान्य-अंकाच्या सर्व्हरकडे आधी जायचे, उत्तर नाही आले तर पुढच्याकडे. म्हणजे सर्व्हर मेला हे ओळखण्याचे काम आता टेबलावरच्या फोनकडे आले.

ते तो किती लवकर ओळखतो? यूडीपीवर, म्हणजे पोचपावती न देणाऱ्या वाहतूक पद्धतीवर, फोन कॉलची विनंती पाठवतो आणि उत्तर नसेल तर ०.५, १.५, ३.५, ७.५, १५.५ आणि ३१.५ व्या सेकंदाला तीच पुन्हा पाठवतो. ३२ व्या सेकंदाला हार मानतो. कानाला हँडसेट लावून इतका वेळ कोणीही थांबत नाही. म्हणून फोनमध्ये ही मुदत ३-४ सेकंदांवर आणावी लागते. काही फोन एसआरव्ही वाचतच नाहीत. त्यांना दुय्यम सर्व्हरचा पत्ता वेगळा भरावा लागतो.

यावर रूढ झालेला दुसरा उपाय राउटरच्या जगातून आला: १९९८ चा व्हीआरआरपी हा प्रोटोकॉल. दोन सर्व्हर, त्यांच्यात एक फिरता आयपी पत्ता, आणि फोनला तेवढाच ठाऊक. मुख्य सर्व्हर दर सेकंदाला ‘मी आहे’ असे सांगतो. तीन-चार सेकंद आवाज आला नाही की राखीव सर्व्हर तो पत्ता घेतो. लिनक्सवर हे काम कीपअलाइव्हडी हा प्रोग्रॅम करतो. ऐकायला सोपे आहे, पण बहुतेक घोळ इथेच होतात. पेटी चालू आणि अ‍ॅस्टरिस्क अडकलेले, अशा वेळी पत्ता हलतच नाही. म्हणून एसआयपीची ऑप्शन्स विनंती पाठवून उत्तर तपासणारी स्क्रिप्ट जोडायलाच हवी. फायरवॉलने व्हीआरआरपीचे संदेश (प्रोटोकॉल ११२) अडवले तर दोघेही स्वतःला मुख्य समजतात. अ‍ॅस्टरिस्क फिरत्या पत्त्याला बांधले नसेल तर उत्तर सर्व्हरच्या मूळ पत्त्यावरून जाते आणि फोन ते टाकून देतो. ट्रंक, म्हणजे बाहेरच्या कॉलची लाइन, देणारी कंपनी ठरावीक पत्त्यावरूनच कॉल घेत असेल, तर राखीव सर्व्हरचाही पत्ता तिच्याकडे आधी नोंदवून ठेवावा.

सर्वांत फसवा बिघाड नोंदणीचा, म्हणजे आपण कुठे आहोत हे फोन सर्व्हरला ठरावीक काळाने कळवतो त्याचा. पत्ता हलतो, बाहेर कॉल लागतात, म्हणून सगळे ठीक वाटते. पण कोणते एक्स्टेन्शन कुठे आहे, हे राखीव सर्व्हरला माहीत नसते आणि येणारे कॉल वाजतच नाहीत. नोंदणीची नेहमीची मुदत ३६०० सेकंद, म्हणजे फोन तासभर मुका राहू शकतो. ही मुदत १२० सेकंद करावी, किंवा नोंदणी दोन्ही सर्व्हर वाचतील अशा डेटाबेसमध्ये ठेवावी. त्या डेटाबेसचीही प्रत हवी, नाहीतर एकच दुवा पुन्हा उरतो.

चाचणी घेताना सर्व्हर रीतसर बंद करू नये, कारण मग तो निरोप देऊन जातो आणि राखीव सर्व्हर लगेच उठतो. चालू कॉल असताना मुख्य सर्व्हरची नेटवर्कची केबल उपसावी. आवाज दोन फोनमध्ये थेट जात असेल तर बोलणे चालू राहते, पण तो कॉल होल्ड किंवा ट्रान्सफर होत नाही. आवाज सर्व्हरमधून जात असेल तर दोन्हीकडे एकदम शांतता पसरते आणि पुन्हा डायल करावे लागते.