स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर की हेड अ‍ॅम्प? कमी आउटपुटच्या कार्ट्रिजला गेन कुठून मिळतो

नाशिकमध्ये जुन्या एलपी जमवणाऱ्यांपैकी जे मूव्हिंग कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे हलणाऱ्या कार्ट्रिजकडे (सुईच्या कंपनांचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाकडे) वळतात, त्यांची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते: आवाज पुरेसा वाढतच नाही आणि वाढवला की गाण्याआधी खरखर पुढे येते. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे चुंबक हलणारे कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देते, तर १९६०च्या दशकात जपानी नभोवाणीसाठी घडवलेले डेनॉनचे डीएल-१०३ जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट देते. अ‍ॅम्प्लिफायरवरील टर्नटेबलसाठीच्या नेहमीच्या फोनो इनपुटचा सुमारे ४० डेसिबल, म्हणजे शंभरपट गेन (व्होल्टेजमधील वाढ) त्याला अपुरा पडतो. आणखी निदान २० डेसिबल हवे असतात.

ही तूट भरून काढणाऱ्या दोन्ही डब्या, हेड अ‍ॅम्प आणि स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, कार्ट्रिज आणि मूव्हिंग मॅग्नेट इनपुट यांच्यामध्येच जोडायच्या असल्याने त्यांना एकच समजले जाते. हेड अ‍ॅम्प वीज घेतो आणि ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने संकेत खरोखर वाढवतो. त्यात गेन आणि कार्ट्रिजला दिसणारा लोड (पुढच्या उपकरणाचा रोध) या दोन स्वतंत्र गोष्टी असतात. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरला वीज लागत नाही, कारण तो शक्ती वाढवतच नाही. व्होल्टेज चढते तितका प्रवाह उतरतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत उमेदवारी केलेल्या कोणालाही हे सांगावे लागू नये, तरीही ‘जितके गुणोत्तर (दोन बाजूंच्या वेढ्यांचे प्रमाण) मोठे तितका गेन जास्त’ हा समज तिथलीच माणसे घरच्या टर्नटेबलपाशी बिनदिक्कत बाळगतात.

वस्तुतः फोनो इनपुटचे ४७ किलोओहम ट्रान्सफॉर्मरमधून उलट बाजूस गुणोत्तराच्या वर्गाने भागून दिसतात. १:१० ला कार्ट्रिजसमोर ४७० ओहम येतात, १:२० ला सुमारे ११८ आणि १:४० ला अवघे २९. डीएल-१०३ चा अंतर्गत रोध ४० ओहम असल्याने फोनोपर्यंत अनुक्रमे २.८, ४.५ आणि ५.१ मिलिव्होल्ट पोहोचतात. म्हणजे वीसवरून चाळीसवर गेल्याने व्होल्टेज दुप्पट होणे दूरच, जेमतेम १३-१४ टक्क्यांनी वाढते, आणि कार्ट्रिज मात्र स्वतःच्या रोधापेक्षा कमी लोडखाली दबते. या कार्ट्रिजला मी १:१० च सुचवीन.

तीन-चार ओहमच्या कार्ट्रिजचे गणित वेगळे आहे. तिथे १:३० लाही ५२ ओहमांचा लोड उरतो, आणि कॉइलची स्वतःची खरखर इतकी कमी असते की साधारण प्रतीच्या हेड अ‍ॅम्पची खरखर तिच्यावर सहज मात करते. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर पैसे वसूल करतो. चाळीस ओहमला मात्र चांगला हेड अ‍ॅम्प त्याच्या तोडीस तोड ठरतो. वेगवेगळी कार्ट्रिजे बदलत राहण्याची हौस असेल, तर हेड अ‍ॅम्पच सोयीचा.

ट्रान्सफॉर्मरची खोड म्हणजे गुरगुर. आरआयएए समीकरणामुळे (तबकडीवर दाबलेले खालचे सूर परत उचलणाऱ्या ठरावीक दुरुस्तीमुळे) फोनो ५० हर्ट्झचा संकेत १ किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट वाढवतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवलेली डबी लगेच बोलू लागते. अर्थिंगची तार तपासून, तबकडी न लावता, आवाज बेताचा ठेवून डबी हाताने फिरवत गुरगुर सर्वांत कमी होणारी जागा शोधावी. फोनोवर ‘एमसी’ (मूव्हिंग कॉइल) बटण असेल, तर ते बंदच ठेवावे: तिथला लोड बहुधा १०० ओहमांचा असतो आणि १:१० मधून तो कार्ट्रिजला फक्त १ ओहम दिसतो.