भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत प्रवेश: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

अणुऊर्जा विभागात वैज्ञानिक अधिकारी म्हणून रुजू होण्याचा मुख्य मार्ग आजही मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेतूनच जातो. ही शाळा 1957 मध्ये सुरू झाली, म्हणजे ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाल्यानंतर अवघ्या वर्षभरात. काही दशकांनी अणुऊर्जेपासून वीज मिळू लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, ते घरातच तयार असावेत, असे होमी भाभा यांनी 1944 मध्येच टाटा विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात म्हटले होते. त्या विचाराची कसोटी 1974 च्या पोखरण चाचणीनंतर लागली. कॅनडाने मदत थांबवली आणि राजस्थानातील दुसरी अणुभट्टी आपल्याच अभियंत्यांना पूर्ण करावी लागली. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर हे याच प्रशिक्षण शाळेतून तयार झाले. आता 2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर झालेले असताना या शाळेच्या दाराशी पोहोचणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या वाढावी, आणि त्यातले कोणी केवळ कागदपत्रांपायी मागे राहू नये, या हेतूने ही माहिती सविस्तर देत आहे.

प्रवेशाच्या दोन योजना आहेत. पहिली एक वर्षाच्या प्रशिक्षणाची असून ती ‘ओसीईएस’ या नावाने ओळखली जाते. अभियांत्रिकी पदवीधर आणि विज्ञानातील पदव्युत्तर उमेदवार यांच्यासाठी ती असते आणि तिचे वर्ग मुंबईखेरीज कल्पाक्कम, इंदूर व हैदराबाद येथील प्रशिक्षण शाळांतही चालतात. दुसरी ‘डीजीएफएस’ ही दोन वर्षांची पाठ्यवृत्ती आहे. तिच्यात निवड झालेला उमेदवार आयआयटीसारख्या ठरावीक संस्थेत एमटेक करतो, शिक्षण शुल्काचा भार अणुऊर्जा विभाग उचलतो आणि पदवीनंतर उमेदवार काही महिन्यांचे अभिमुखता प्रशिक्षण घेऊन सेवेत येतो. मात्र त्या संस्थेतील एमटेक प्रवेशासाठी वेगळा अर्ज उमेदवाराने स्वतः वेळेत केलेला असावा लागतो. निवड झाली म्हणजे प्रवेशही आपोआप मिळाला, असे होत नाही. दोन्ही योजनांसाठी मुलाखत एकच असते.

पात्रतेची मुख्य अट म्हणजे पदवीला किमान 60 टक्के गुण. यांत्रिकी, रसायन, धातुशास्त्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, उपकरणशास्त्र, स्थापत्य या अभियांत्रिकी शाखा आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूविज्ञान यांसारखे विज्ञान विषय सर्वसाधारणपणे जाहिरातीत असतात. विज्ञानाच्या उमेदवारांनी बीएस्सीला कोणते विषय असणे आवश्यक आहे हेही तपासावे. विशेषतः भौतिकशास्त्राच्या उमेदवारांना बीएस्सीला गणित असल्याची खात्री करावी लागते. वयोमर्यादा गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत त्या वर्षीच्या 1 ऑगस्टला खुल्या प्रवर्गासाठी 26, इतर मागासवर्गीयांसाठी 29 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 31 वर्षे अशी राहिली आहे. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, पण निकाल जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत हातात यावा लागतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि जाहिरात बहुतेक वेळा जानेवारीच्या सुमारास निघते. मुलाखतीसाठी दोन वाटांनी निवड होते: केंद्राची स्वतःची ऑनलाइन परीक्षा किंवा ‘गेट’ या अभियांत्रिकी व विज्ञानाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण. दोन्ही वाटा खुल्या ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण एकीकडे कमी पडल्यास दुसरीकडून संधी उरते. ‘गेट’चा विषय आणि अर्जातील शाखा यांचा मेळ बसला पाहिजे, आणि जाहिरातीत नमूद केलेल्या वर्षांचेच गुण ग्राह्य धरले जातात. शुल्क 500 रुपये असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ते माफ असते.

महाराष्ट्रातील उमेदवारांची सर्वाधिक गफलत होते ती जातीच्या प्रमाणपत्रात, म्हणून येथे थोडे थांबतो. ही केंद्र सरकारची भरती असल्याने राज्याच्या प्रवेशप्रक्रियेसाठी काढलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र येथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्राच्या मथळ्यातच ते भारत सरकारच्या अखत्यारीतील पदांसाठी असल्याचा उल्लेख असतो. तो नसेल तर कागद कितीही ताजा आणि शिक्क्यांनी भरलेला असला तरी उपयोग नाही. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्र शासनाच्या नमुन्यात हवे’ असे स्पष्ट सांगावे आणि हातात पडल्यावर जागेवरच मथळा वाचावा. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे वर्ग आहेत. केंद्राच्या आरक्षणात ते स्वतंत्रपणे नाहीत. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय यादीत असेल तर त्या प्रवर्गातून अर्ज करावा. मराठा समाजाला राज्याने दिलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षणही येथे लागू होत नाही. अशा उमेदवाराचे कौटुंबिक उत्पन्न आणि मालमत्ता मर्यादेत असल्यास त्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे केंद्रीय नमुन्यातील प्रमाणपत्र काढावे. त्या घटकाला वयात सवलत मिळत नाही, हे मात्र आधीच लक्षात घ्यावे. ज्याचा कुणबी दाखला आहे, त्याचा मार्ग अर्थातच इतर मागासवर्गीय प्रवर्गाचा आहे.

दुसरी अडचण टक्केवारीची. गुणपत्रिकेवर श्रेणीगुण असतील तर त्यांचे टक्क्यांत रूपांतर विद्यापीठाच्या सूत्रानेच करावे लागते. मुंबई विद्यापीठाचे सूत्र वेगळे, पुण्याचे वेगळे. सरसकट दहाने गुणून आकडा भरणे धोक्याचे. विद्यापीठाचे रूपांतर-पत्र मिळायला अनेकदा आठवडे लागतात, त्यामुळे त्यासाठीचा अर्ज जाहिरातीची वाट न पाहता करून ठेवावा. छायाचित्र, स्वाक्षरी, ओळखपत्र, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि ‘गेट’चे गुणपत्रक ही बाकीची कागदपत्रे. शासकीय सेवेतील उमेदवाराला ना हरकत प्रमाणपत्र लागते.

अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर होते. परीक्षेचे किंवा ‘गेट’चे गुण मुलाखतीपर्यंत आणून सोडतात आणि तिथेच त्यांचे काम संपते. मुलाखतीत पदवीच्या विषयांची मुळे तपासली जातात. उदाहरणार्थ, यांत्रिकीच्या विद्यार्थ्याने उष्णता संक्रमणाचे समीकरण नुसते पाठ म्हणून उपयोग नाही. त्यातील प्रत्येक पद कुठून आले आणि सीमेवरच्या अटी बदलल्या तर उत्तर कसे बदलेल, हे कागदावर मांडून दाखवता आले पाहिजे. म्हणून दहा विषय वरवर चाळण्यापेक्षा चार-पाच विषय तळापर्यंत करावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य व पूर्ववृत्त पडताळणी होते. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते, प्रशिक्षणानंतर किमान तीन वर्षे सेवेचा करार करावा लागतो आणि यशस्वी उमेदवाराची नेमणूक ‘वैज्ञानिक अधिकारी क’ या राजपत्रित पदावर, वेतनस्तर 10 मध्ये, 56,100 रुपये मूळ वेतनाने होते.

मूळ कागदपत्रे मुलाखतीला नेण्यापूर्वी एक संध्याकाळ ती सारी शेजारी शेजारी मांडून नाव अक्षर अक्षर जुळवून पाहावे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधार कार्डावर ते शेवटी असते, पदवी प्रमाणपत्रावर कधी आईचे नाव जोडलेले असते, तर विवाहित मुलींच्या कागदांत दोन आडनावे आढळतात. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा अडचण येत नाही. स्पेलिंग किंवा आडनावच वेगळे असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा नाव बदलल्याची राजपत्रातील प्रसिद्धी सोबत ठेवावी, आणि राजपत्राच्या कामाला लागणारा वेळ धरून ते अर्ज भरतानाच सुरू करावे.